फॅमिन, स्कार्सिटी आणि इंदापूरचा दुष्काळ

1963 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा इंग्रजी शब्द काढून टाकायचा, एवढेच त्याचे काम. कायद्याच्या नावातच तसे स्पष्ट लिहिले आहे. कारणही दिले आहे. सरकारचे शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसू लागताच मदतकार्य सुरू होते, त्यामुळे फॅमिन ओढवायला आता वावच राहिलेला नाही. तेव्हा जिथे जिथे 'फॅमिन' असेल तिथे तिथे 'स्कार्सिटी' वाचावे. पुढे नऊ वर्षांनी 1972 उजाडले. त्या सालाला अजूनही कोणी 'बहात्तरची टंचाई' म्हणत नाही. बहात्तरचा दुष्काळच म्हणतात.

हे दोन इंग्रजी शब्द कोशात शेजारी बसतात, पण त्यांची घडण निराळी आहे. 'फॅमिन' लॅटिनमधल्या भुकेच्या शब्दावरून आला. त्याच्या केंद्रस्थानी माणूस आहे, त्याचे पोट आहे. 'स्कार्सिटी' जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या केंद्रस्थानी वस्तू आहे. धान्य कमी आहे, चारा कमी आहे, पाणी कमी आहे. ते कोणाला कमी पडते, हे त्या शब्दात येत नाही. तिसरा एक शब्द या दोघांच्या मागे उभा असतो, 'ड्रॉट'. त्याचे नाते कोरडेपणाशी, म्हणजे आभाळाशी. मराठीत मात्र या तिन्हींना पुरून उरणारा एकच शब्द आहे. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. पाऊस नाही तरी दुष्काळ, धान्य नाही तरी दुष्काळ, माणसे मेली तरी दुष्काळ. शेतकरी 'दुष्काळ पडला' म्हणतो आणि कचेरीत त्याच्या अर्जावर या तिघांपैकी एक शब्द लिहिला जातो. कोणता लिहिला यावर पुढे काय मिळणार ते ठरते.

या शब्दांचा आढावा घ्यायचा तर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा दुसरी नाही. इंदापूरच्या उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि नरसिंहपूरला दोघींचा संगम. दोन नद्यांच्या बेचक्यात असूनही हा मुलूख पर्जन्यछायेत सापडलेला. गेल्या दोनशे वर्षांत जमीन महसूल, मदतकार्य, कालवे आणि रोजगार हमी यांच्याबद्दलचे सरकारी विचार याच पट्ट्यात पुन्हा पुन्हा पारखले गेले.

सुरुवात शेतसाऱ्यापासून करावी लागते. इंग्रज आल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने 1820 च्या दशकाअखेर पुणे जिल्ह्याची मोजणी करून आकारणी बसवली. कागदावर ती शास्त्रशुद्ध होती, शेतावर जड होती. इंदापुरात जमिनी ओसाड पडू लागल्या, कुळे निघून जाऊ लागली. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने आकारणी केली. दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी कायम केले. पुढे मुंबई इलाख्याची म्हणून जी मोजणी पद्धत प्रसिद्ध झाली, तिचा जन्म हा. या पद्धतीचे गृहीतक इथे महत्त्वाचे आहे. दर माफक ठेवला आहे, म्हणजे वाईट वर्षांचा हिशेब त्यात आधीच धरलेला आहे. म्हणून एखादे साल कोरडे गेले तरी रयतेने रोख सारा भरावा, चांगल्या सालातून भरून काढावा. सरासरीचे हे गणित सरकारच्या दृष्टीने बिनचूक होते. पण ज्याच्या घरी दुसऱ्या सालाचे बी शिल्लक नाही त्याला सरासरी खायला मिळत नाही. त्याला सावकार मिळतो.

आणि सावकार मिळालाच. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. इंग्रज त्याला 'कॉटन फॅमिन' म्हणत. कापसालाही 'फॅमिन' शब्द लागू होतो, हे तेव्हाच्या इंग्रजीत कोणाला खटकत नव्हते. त्या तुटवड्याने दख्खनमध्ये पैसा खेळू लागला, उसनवारी सैल झाली. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज राहिले. त्याच सुमारास इंदापूरच्या तीस वर्षांच्या आकारणीची मुदत संपली आणि सारा वाढला. 12 मे 1875 रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या, तेव्हाच्या भीमथडीतल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची ही ठिणगी. चौकशी आयोग बसला, 1879 चा शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा आला. पण त्या दोहोंच्या मध्ये 1876 चा दुष्काळ येऊन गेला होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो प्रकार इथे उलट्या क्रमाने घडला. कर्जाचा तेरावा महिना आधी आला, दुष्काळ मागून.

1876 ते 78 च्या त्या दुष्काळातच 'फॅमिन' शब्दाची खरी सरकारी घडण झाली. जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाच्या पाहणीवर पाठवण्यात आले. खर्च आटोक्यात ठेवणे हे त्यांचे मुख्य काम. मदतकार्यावर दिवसभर खडी फोडणाऱ्या मजुराला दीड पौंड धान्याचा आधार धरून मजुरी मिळे, ती त्यांनी एका पौंडावर आणली. तो दर 'टेंपल वेज' म्हणून कुप्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडून दिली, हजारोंनी घरी निघून गेले. भुकेल्या माणसांनी मजुरीसाठी संप करावा, हे लंडनला समजणे कठीणच होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवली. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीचे हे काम आजच्या कुठल्याही पाहणी अहवालाच्या तोडीचे आहे, असे माझे मत आहे.

दुष्काळ ओसरल्यावर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली फॅमिन कमिशन बसले, 1880 मध्ये अहवाल आला आणि त्यातून 1883 चा फॅमिन कोड तयार झाला. इथे आपल्या दोन शब्दांची वाटणी पक्की झाली. 'स्कार्सिटी' ही अलीकडची पायरी, 'फॅमिन' ही पलीकडची. अलीकडची पायरी ओळखायची चिन्हे कोडात सांगितली होती. धान्याचे भाव चढणे, लोक गाव सोडून भटकू लागणे, चोऱ्यामाऱ्या वाढणे. मग 'टेस्ट वर्क' काढायचे, म्हणजे चाचणीपुरते काम. कठीण श्रम, जेमतेम मजुरी. अशा कामावर माणसे झुंडीने आली तर समजायचे की घरात खरोखर दाणा नाही, आणि फॅमिन जाहीर करायचा. पाऊस किती इंच कमी पडला हे मोजण्याऐवजी माणूस किती हतबल झाला हे मोजण्याची ही रीत होती. क्रूर होती, यात वाद नाही. पण तिची मोजपट्टी माणूस होता, हेही तितकेच खरे.

या कोडाचा एक अनपेक्षित उपयोग टिळकांनी केला. 1896 च्या दुष्काळात सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव पाठवून आणि केसरीतून लिहून त्यांनी रयतेला सांगितले की कोडात तुमचे हक्क लिहिलेले आहेत, साऱ्याची सूट मागा, भीक मागू नका. सरकारला ते झोंबले. 1897 मध्ये सभेची सरकारमान्यता काढून घेण्यात आली. शब्द एकदा कायद्यात बसला की तो दोन्ही बाजूंना वापरता येतो, हे टिळकांनी ओळखले होते. 1963 मध्ये शब्द काढणाऱ्यांनाही ते ठाऊक असावे, असा माझा संशय आहे. त्याच काळात पंडिता रमाबाई दुष्काळी मुलुखातून मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि केडगावला त्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले. 'फॅमिन'चा अर्थ कोणाला पाहायचाच असता तर तिथे पाहता आला असता.

मदतकार्याने या पट्ट्याला दोन टिकाऊ गोष्टी दिल्या. एक दौंड-मनमाड रेल्वे, जी दुष्काळी काम म्हणून बांधली गेली आणि 1878 मध्ये सुरू झाली. दुसरी नीरा डावा कालवा. त्याच्यावर दुष्काळातले मजूर लागले आणि 1880 च्या दशकात पाणी खेळू लागले. भाटघरला आधी लेक व्हायटिंग आणि 1928 मध्ये त्याच जागी मोठे लॉईड धरण झाले. इंग्रज पाटबंधारे खात्यात तेव्हा आणखी एक शब्दजोडी चालत असे. 'प्रॉडक्टिव्ह' म्हणजे फायद्याचे काम आणि 'प्रोटेक्टिव्ह' म्हणजे दुष्काळापासून वाचवणारे काम. नीरा कालवा दुसऱ्या खात्यात पडे. म्हणजे त्याचे पाणी ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी, गावोगाव थोडेथोडे पोचवण्यासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ती याच विचाराने. ब्लॉकमधल्या एक तृतीयांश जमिनीतच ऊस, बाकीच्यात हंगामी पिके, आणि पाणी जास्तीत जास्त गावांना.

प्रत्यक्षात ऊस जिंकला. साखर कारखाने उभे राहत गेले. इंदापुरात वालचंदनगर, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, नंतर कर्मयोगी आणि नीरा-भीमा. कालव्याच्या काठची गावे बागाईत झाली आणि माथ्यावरची जिराईत राहिली. आज बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिरवा ऊस आणि द्राक्षबागा येतात. सुपे, मोरगाव, लोणी भापकर, मुर्टी, उंडवडी या बाजूला उन्हाळ्यात गेलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे टँकर येतो. दोन्ही चित्रे खरी आहेत, आणि दोन्ही एकाच तालुक्यातली. पुढे सरकारी शब्दांचा जो घोळ होतो त्याचे मूळ इथे आहे.

'फॅमिन' हा शब्द उच्चारणे सरकारांना नेहमीच जड गेले. 1943 मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे मेली, पण तिथल्या सरकारने फॅमिन कोडाखाली फॅमिन जाहीर केलाच नाही. जाहीर केला असता तर कोडातल्या जबाबदाऱ्या गळ्यात पडल्या असत्या. उलट 1967 मध्ये बिहारच्या सरकारने तो शब्द उघडपणे उच्चारला आणि त्यामुळे मदतीचा ओघ वाढला. महाराष्ट्राने तिसरा मार्ग निवडला. शब्दच बाद केला. 1966 मध्ये फॅमिन कोडाच्या जागी स्कार्सिटी मॅन्युअल आले, आणि मराठी कचेरीत 'टंचाई' शब्द स्थिरावला. टंचाई शाखा, टंचाई आराखडा, टंचाईग्रस्त गाव, टंचाई आढावा बैठक. आज तहसील कचेरीत दुष्काळ बहुतेक भाषणात सापडतो, फायलीत बहुधा टंचाईच.

तरीही 1963 च्या कायद्याची नुसती टर उडवणे मला पटत नाही. त्यात एक बरोबर विचार होता. फॅमिन जाहीर होईपर्यंत थांबायचे म्हणजे माणसे मरायची वाट पाहायची. टंचाई ही अलीकडची पायरी धरली तर मदत आधी सुरू होते. 1970 ते 73 या ओळीने आलेल्या कोरड्या वर्षांत या विचाराची कसोटी लागली. मे 1973 मध्ये राज्यातल्या मदतकार्यांवर जवळपास 50 लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. हातात मस्टर घेऊन मुकादम, डोक्यावर पाटी घेऊन बाया, आणि सुट्टीला हातावर सुकडी. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, जिच्या भाकरीला चव नव्हती आणि जी आठवली की त्या पिढीची माणसे आजही तोंड वाकडे करतात. बारामतीत शरद पवारांनी आमदार झाल्यापासून पाझर तलावांची कामे धान्याच्या मोबदल्यात सुरू केली होती. ख्रिस्ती मदत संस्था 'कासा' हिने त्यासाठी धान्य पुरवले. 1971 मध्ये अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. माणसे खंगली, जनावरे कवडीमोलाने विकली गेली, पण 1876 सारखी माणसे मेली नाहीत. ज्याँ ड्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी जगाला दाखवलेल्या उदाहरणांत महाराष्ट्राचे हे उदाहरण ठळक आहे. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना, जिचा प्रयोग 1965 मध्ये तासगावात झाला होता, 1977 च्या कायद्यापर्यंत पोचली. काम मागण्याचा हक्क मिळाला. फॅमिन कोडातल्या चाचणीच्या कामाचे हे उलटे रूप आहे. तिथे काम देऊन माणसाची परीक्षा घेत. इथे काम न दिल्यास सरकार नापास.

म्हणून 'स्कार्सिटी' शब्द तेव्हा खोटा ठरला नाही. तो खोटा पडू लागला नंतर, जेव्हा त्याने पोटापेक्षा वस्तू मोजायला सुरुवात केली.

वस्तू मोजण्याची जुनी रीत म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. दशमान आल्यावर ती पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आत आलेले गाव टंचाईचे धरले जाऊ लागले. सप्टेंबरात नजर पैसेवारी, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम. गावचा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच आणि काही शेतकरी अशी समिती शेतात उभी राहते, दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखते, तेवढे पीक कापून, मळून, वजन करते आणि प्रमाण उत्पन्नाशी तुलना करते. तुकडा विहिरीच्या कडेचा घेतला की गावाची पैसेवारी वर, माळावरचा घेतला की खाली. शिवाय बाजरी काढून दोन महिने झाल्यावर, रब्बीची ज्वारी पेरायची की नाही हे ठरून गेल्यावर, अंतिम आकडा हातात येतो. या दिरंगाईवर अनेक समित्यांनी बोट ठेवले. बदल व्हायला 2017 साल उजाडावे लागले.

त्याआधी शब्दांचा आणखी एक नमुना पाहायला मिळाला. ऑक्टोबर 2015 मध्ये राज्य सरकारने हजारो गावांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर केली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. दुष्काळ आहे की नाही, सदृश म्हणजे काय, हा सरळ प्रश्न न्यायालयापुढे गेला. शेवटी मे 2016 मध्ये शासनाने मान्य केले की सदृशच्या जागी दुष्काळ असेच वाचावे. सुमारे 29 हजार गावांचा त्यात समावेश होता. त्याच महिन्यात, 11 मे 2016 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियान खटल्यात राज्ये दुष्काळ जाहीर करायला टाळाटाळ करतात म्हणून कान उपटले आणि केंद्राला दुष्काळाचे मॅन्युअल सुधारायला सांगितले. गंमत अशी की त्याच वर्षाच्या सुरुवातीला भारतीय हवामान खात्याने आपल्या परिभाषेतून 'ड्रॉट' हा शब्द काढला होता. त्याऐवजी 'डेफिशियंट इयर', तुटीचे वर्ष. खात्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. आम्ही पाऊस मोजतो, दुष्काळ ठरवणे राज्यांचे काम. पण परिणाम असा की हवामान खाते म्हणते दुष्काळ आमच्याकडे नाही, आणि राज्याचा कायदा म्हणतो फॅमिन आमच्याकडे नाही.

2016 च्या केंद्रीय मॅन्युअलप्रमाणे महाराष्ट्राने 7 ऑक्टोबर 2017 रोजी नवी कार्यपद्धती आणली. आता पाऊस, पावसातला खंड, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई, मातीतला ओलावा, भूजल आणि धरणांतला साठा असे निर्देशांक लागतात. ते जुळले की काही गावे निवडून प्रत्यक्ष शेतात पाहणी, आणि खरिपासाठी ऑक्टोबरअखेर निर्णय. पैसेवारीची दिरंगाई त्यामुळे टळली, ही जमेची बाजू. पण हे सगळे निर्देशांक आभाळाचे, मातीचे आणि पानांचे आहेत. मजूर गाव सोडून चालला का, दुभती गाय बाजारात किती हजारांनी उतरली, सावकाराचा दर कुठे गेला, यातले काही त्यात नाही. 1883 च्या साहेबी कोडात निदान भावाचा आणि भटकंतीचा उल्लेख होता.

आणि 'सदृश' काही गेले नाही. 23 ऑक्टोबर 2018 रोजी 180 तालुके दुष्काळसदृश झाले, आठवड्याने त्यांतले 151 दुष्काळी ठरले. बारामती आणि इंदापूर दोन्ही त्यांत होते. नंतर आणखी अडीचशेहून जास्त महसुली मंडळे सदृश. 31 ऑक्टोबर 2023 रोजी 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बारामती, इंदापूर पुन्हा होते. लगेच नोव्हेंबरात हजाराहून अधिक मंडळे सदृश. दोन्ही याद्यांतल्या सवलती वाचून पाहाव्यात. जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी, रोहयोच्या निकषांत ढिलाई, टँकर, वीज न तोडणे. यादी जवळपास तीच. मग सदृश कशासाठी? केंद्राकडे मदतीचा प्रस्ताव जातो तो रीतसर घोषित तालुक्यांचा, उत्तर तिथे आहे. सदृश म्हणजे दुःख मान्य, देणे अमान्य.

बारामतीसारख्या तालुक्यात या घोषणेची दुहेरी अडचण होते. तालुका दुष्काळी ठरला तर कालव्याच्या बागाइतदारालाही वीजबिलात सूट मिळते. तालुका सुटला तर सुप्याकडचा जिराइतदार उघड्यावर पडतो. इंदापूरची गोष्ट आणखी अवघड. तालुक्याच्या उशाला उजनीचे 117 टीएमसीचे धरण, भिगवण-पळसदेवच्या बाजूला त्याचा फुगवटा. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की वर येते आणि पर्यटक फोटो काढायला जातात. त्याच तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडची 22 गावे वर्षानुवर्षे आवर्तनासाठी भांडत आहेत. खडकवासल्याचे पाणी पुण्याच्या नळातून उरले तर येणार, नीरेचे पाणी वरच्या उसातून उरले तर येणार. टेलच्या शेतकऱ्याचे हे रडगाणे निवडणुकीगणिक ऐकू येते. इथे पाऊस कमी पडला हे कारण अर्धेच. उरलेले अर्धे कालव्याच्या दारांवर आणि उसाच्या क्षेत्रावर आहे. 'ड्रॉट' म्हटले की दोष आभाळाचा होतो. 'स्कार्सिटी' म्हटले की दोष कोणाचाच राहत नाही.

'स्कार्सिटी'चे आणखी दोन अर्थ आपल्याकडे रुळले आणि गोंधळात भर पडली. अर्थशास्त्रात लायोनेल रॉबिन्स यांनी 1932 मध्ये साधने अपुरी आणि गरजा अनेक अशी व्याख्या केली तेव्हापासून स्कार्सिटी ही घटना राहिली नाही, कायमची स्थिती झाली. अर्थशास्त्रज्ञाला सुकाळातही स्कार्सिटीच दिसते. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याला दुर्मिळता म्हणून प्रश्न सोडवला, ते बरे केले. दुसरा अर्थ जलतज्ज्ञांचा. स्वीडनच्या मालिन फाल्केनमार्क यांच्या निकषाप्रमाणे माणशी वर्षाला 1,700 घनमीटरच्या खाली पाणी गेले की 'स्ट्रेस', 1,000 च्या खाली गेले की 'स्कार्सिटी'. माळेगाव खुर्द इथे 2009 पासून असलेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था पिकांच्या ताणावर काम करते, ती याच शब्दकुळातली. म्हणजे बारामतीच्या एखाद्या बैठकीत तहसीलदार, प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ तिघेही 'स्कार्सिटी' म्हणू शकतात आणि तिघांचा अर्थ वेगळा असू शकतो.

जगात 'फॅमिन' मात्र पुन्हा मोजमापाचा शब्द झाला आहे. अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत पाच पायऱ्या आहेत आणि शेवटची फॅमिन. एक पंचमांश कुटुंबांना अन्नाचा टोकाचा तुटवडा, 30 टक्के बालके तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. सोमालियात 2011 मध्ये, दक्षिण सुदानमध्ये 2017 मध्ये, सुदानमध्ये 2024 मध्ये हा शब्द अधिकृतपणे वापरावा लागला. या मोजपट्टीने पाहिले तर महाराष्ट्रात फॅमिन नाही, आणि ते नाही याचे श्रेय रोजगार हमीला, रेशनला आणि बोलत्या लोकशाहीला द्यायला हवे. कोणी उठसूट 1972 ची किंवा 1876 ची तुलना आजच्या कोरड्या सालाशी करू लागला तर त्याला ही मोजपट्टी दाखवावी. शब्द फुगवल्यानेही नुकसानच होते.

पण इतके मान्य करूनही 'टंचाई' अपुरा पडतोच. 2025 चा मे महिना पाहा. पावसाळा सुरू व्हायच्या आत बारामती-इंदापुरात धो धो पाऊस झाला, नीरा डावा कालवा पिंपळीजवळ फुटला, घरे-शेते पाण्याखाली गेली. दीडशे वर्षांपूर्वी दुष्काळात ज्याच्यावर माणसे राबली तोच कालवा. सप्टेंबरात मराठवाडा बुडाला आणि ओला दुष्काळ जाहीर करा अशी मागणी उठली. मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले की मॅन्युअलमध्ये ओला दुष्काळ ही संकल्पनाच नाही, पण टंचाईच्या वेळच्या सगळ्या सवलती देऊ. पाण्यात बुडालेल्या शेताला पाण्याच्या टंचाईच्या सवलती! मराठी शेतकऱ्याचा शब्द इथे जास्त नेमका होता. वाईट काळ ओला असतो, कोरडाही असतो. इंग्रजी नमुन्यावर बेतलेल्या मॅन्युअलला तो पेलत नाही.

1963 चा कायदा रद्द करून 'फॅमिन' परत आणण्यात मला काही हशील दिसत नाही. तो शब्द गेला ते बरेच झाले. करायचे आहे ते साधे आहे. शासन निर्णयातून 'सदृश' काढून टाकावा. तालुका हा घटक सोडून मंडळ हाच घटक धरावा, म्हणजे सुपे आणि माळेगाव एका यादीत येणार नाहीत. निर्देशांकांत जनावरांच्या बाजाराचे भाव, रोहयोवर मागितलेले काम आणि स्थलांतर यांची भर घालावी. हे तिन्ही आकडे बाजार समितीत, पंचायत समितीत आणि शाळांच्या हजेरीत आधीपासून आहेत. आणि कालव्याच्या टेलला किती आवर्तने पोचली हा आकडा दर हंगामात, मंडळवार, जाहीर करावा. तो आज पाटबंधारे शाखेच्या वहीत असतो, लोकांपुढे नसतो.